रविवारचं देऊळ

लग्न होऊन डोंबिवलीच्या नव्या ब्लॉकमध्ये राहायला आले, तेव्हा घर लावून द्यायला सासूबाई काही आठवडे आमच्याबरोबर होत्या. माझी कोणाशी ओळख व्हायच्या आधीच त्यांनी शेजारणींना सांगून ठेवलं होतं, की सुनेला कुंकवाची ॲलर्जी आहे, कपाळावर पुरळ उठतं. मला ते एका शेजारणीकडूनच कळलं. तिने त्यावर कुठलासा लेप सुचवला आणि मी तो लक्षात ठेवल्यासारखं केलं.

आम्ही ख्रिस्ती. मूळचे नगरकडचे. आडनावाच्या शेवटी 'कर', माझं नाव कुठल्याही मराठी घरातल्या मुलीचं असावं तसं. गळ्यात काळे मणी, हातात हिरव्या बांगड्या. मोकळं कपाळ सोडलं तर बाहेरून कळण्यासारखं काही नव्हतं, आणि त्या कपाळाची सोय सासूबाईंनी करून ठेवली होती.

माझ्या नवऱ्याला हे असंच हवं होतं. तो लहान असताना त्याचे वडील बदली होऊन डोंबिवलीत आले होते. एका घरमालकिणीने खोली दाखवली, चहा दिला, बोलता बोलता गाव आणि जात विचारली. मग ती आत गेली आणि बाहेर येऊन म्हणाली, की जागा पुतण्याला द्यायचं ठरलंय. तेव्हा हा वळकटी धरून दारात उभा होता. पुढे दोन-तीन ठिकाणी तेच झालं. स्वतःची जागा घेतल्यावर त्याने मनाशी नियम केला: खोटं बोलायचं नाही, पण आपणहून सांगायचंही नाही.

"आणि कोणी विचारलं तर?" मी एकदा म्हटलं.

"विचारत नाहीत गं. आडनाव ऐकलं की लोक आपलं आपणच ठरवतात."

खरंच कोणी विचारलं नाही. दर रविवारी आम्ही सकाळी आवरून कल्याणला जायचो. जिन्यात कोणी भेटलं तर मी म्हणायचे, देवळात चाललोय. आमच्या नगरच्या लोकांत चर्चला देऊळच म्हणतात, त्यामुळे शब्द खरा होता. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर जे देऊळ यायचं त्याला कळस असायचा, पण ती जबाबदारी आम्ही आमची मानत नव्हतो. दिवाळीत मी सगळ्यांसारखा फराळ करून घरोघर द्यायचे. नाताळात करंज्या दार लावून तळायचे.

माझं लहानपण वेगळं गेलेलं. वडील रेल्वेत होते, आम्ही कल्याणच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये वाढलो. तिथे सगळ्या प्रांतांची, सगळ्या धर्मांची माणसं, आणि आम्ही कोण ते सगळ्यांना माहीत. लपवायचा प्रश्न नव्हता. पण मला स्वतःला त्याबद्दल काही वाटत होतं असंही नाही. रविवारी चांगले कपडे घालायचे, भजनाच्या चालीवरची गीतं पाठ म्हणायची, घरी येऊन मटण जेवायचं. सोळाव्या वर्षी आमच्यात मुलं दृढीकरण घेतात, म्हणजे बाळपणी आईवडिलांनी दिलेला बाप्तिस्मा स्वतः उभं राहून आपला म्हणतात. त्या वर्षी मला कावीळ झाली आणि ते राहून गेलं. पुढे लग्नाच्या वेळी आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनीही, म्हणजे धर्मगुरूंनीही, फार ताणून धरलं नाही. मलाही त्याची कधी चुटपुट लागली नाही.

डोंबिवलीत आम्हाला चौथं वर्ष लागलं होतं. आमच्या सोसायटीत सव्वीस जानेवारीला सत्यनारायण असायचा. झेंडावंदन झालं की गच्चीत मांडव, दुपारी तीर्थप्रसाद, संध्याकाळी मुलांचे कार्यक्रम. दर वर्षी एक जोडपं पूजेला बसायचं. जानेवारीच्या सुरुवातीला तिसऱ्या मजल्यावरच्या काकू, सेक्रेटरींच्या पत्नी, आमच्याकडे आल्या. सावंतवाडीकडच्या, मोठ्या आवाजाच्या, मायाळू बाई. माझ्यावर त्यांचा जीव होता. त्यांच्या गौरीच्या आदल्या दिवशी मी पत्री निवडायला आणि नारळ खवायला बसायचे.

"या वर्षी पूजेला तुम्ही दोघं बसायचं," त्या म्हणाल्या. "कमिटीत ठरलं. तुझ्या नवऱ्यालाही खाली गाठून सांगितलंय, तो हो म्हणाला."

नवरा घरी आल्यावर मी विचारलं. त्याने बूट काढता काढता सांगितलं, "हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार? दोन तासांचा प्रश्न आहे. भटजी सांगतील तसं करायचं."

"मी नाही बसणार."

त्याने वर बघितलं. "का?"

मला कारण सांगता येईना. तो चिडला नव्हता, खरोखरच विचारत होता. "तू कुठे एवढी धार्मिक आहेस? घरी पवित्र शास्त्र उघडून वाचताना मी तुला पाहिलेलं नाही. प्रसाद खातेस, गौरीला मदत करतेस. मग हेच का नाही?"

त्याचा मुद्दा बरोबर होता. प्रसाद आनंदाने दिलेला मी आनंदाने खाल्ला होता. पण पूजेला बसणं म्हणजे त्या देवासमोर, हात जोडून, हे आमचं म्हणणं. ज्या लोकांचं ते खरोखर आपलं होतं त्यांच्यासमोर ते नाटक करायचं माझ्याच्याने होईना. त्यांचाही तो अपमान झाला असता. हे सगळं आज लिहिताना सुचतंय. त्या दिवशी मी नुसतं "नाही म्हणजे नाही" म्हटलं आणि स्वयंपाकघरात गेले.

रविवारी कल्याणला आईच्या कानावर घातलं. आई व्यवहारी. "त्यात काय एवढं? आदल्या दिवशी सांग, अडचण आहे म्हणून. बाईमाणसाला कोणी पुढे विचारत नाही." नवऱ्याला ते लगेच पटलं. मीही मान हलवली. परत येताना मनात तारखा जुळवून पाहत होते आणि स्वतःची थोडी किळस आली. आधी ॲलर्जी, मग अडचण. माझं जे काही होतं ते सांगायला मला दर वेळी कुठलं तरी दुखणंच लागत होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी तिसऱ्या मजल्यावर गेले. काकू गॅलरीत पापड उचलत होत्या. मी उभ्या उभ्याच सांगितलं.

"काकू, आम्हाला पूजेला बसता येणार नाही. आम्ही ख्रिस्ती आहोत."

त्यांनी पापड तसाच हातात धरला. "ख्रिस्ती म्हणजे? पण तुमचं आडनाव तर..."

"आडनाव गावावरून आहे. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या ख्रिस्ती आहोत."

"आणि ती ॲलर्जी?"

"नाही काकू. तसलं काही नाही."

त्यांनी हातातला पापड डब्यात ठेवला. मग म्हणाल्या, "चार वर्षं माझ्या घरात बसलीस. मला सांगावंसं वाटलं नाही तुला?" आवाज नेहमीसारखा मोठा नव्हता. मी घरमालकिणीची ती जुनी हकिगत सांगितली. त्यांनी ऐकून घेतली. "असं झालं असेल खरं," त्या म्हणाल्या, "पण ती मी नव्हते." मी निघाले तेव्हा त्यांनी विचारलं, "बरं, मग तुमच्यात काय असतं ते तरी सांग. तुम्ही नक्की काय मानता?"

मी म्हटलं, "येशू ख्रिस्ताला मानतो."

"ते मलाही माहीत आहे गं. मानता म्हणजे काय करता?"

मी पुन्हा कधीतरी सांगते म्हणून खाली आले.

नवरा माझ्याशी बरेच दिवस कामापुरतं बोलत होता. मी त्याला न विचारता सांगितलं, हा त्याचा राग, आणि तो मला चुकीचा वाटला नाही. बिल्डिंगमध्ये फार काही घडलं नाही. पूजेला दुसरं जोडपं बसलं. एका घराने आमच्याकडून वाटी घेणं बंद केलं, भरलेली वाटी 'नको, आज उपास आहे' म्हणून परत यायची. दुसऱ्या एका घरातल्या बाई उलट जास्तच गोड बोलू लागल्या, त्याचाही त्रास व्हायचा. बाकीच्यांना पाणी किती वाजता येणार यात जास्त रस होता.

माझ्या डोक्यात मात्र काकूंचा प्रश्न राहिला. लग्नात मिळालेलं पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, कपाटात साड्यांच्या खाली होतं. दुपारी सगळं आवरलं की मी ते घेऊन बसू लागले. उद्देश एवढाच, की काकूंना काहीतरी धड सांगता यावं. त्यातलं शुभवर्तमान, म्हणजे येशूच्या आयुष्याची हकिगत, सुरुवातीपासून वाचायला घेतलं. गोष्टी सगळ्या ओळखीच्या होत्या, त्यामुळे डोळे भराभर पुढे सरकायचे.

शेवटाकडे एक प्रसंग आहे. येशूला पकडून नेल्यावर त्याचा एक शिष्य मागोमाग जातो आणि अंगणात शेकोटीपाशी बसतो. तिथली मोलकरीण त्याच्याकडे निरखून बघते आणि म्हणते, हाही त्यांच्यातलाच. तो नाकारतो, एकदा नव्हे, तीनदा. दर गुड फ्रायडेला मी हे ऐकत आले होते आणि दर वेळी पाळकसाहेब त्या माणसाच्या भीतीबद्दल बोलायचे. त्या दुपारी माझं लक्ष पहिल्यांदा त्या मोलकरणीकडे गेलं. तिने त्याला ओळखलं. त्याच्या बोलण्यावरून, वागण्यावरून त्याच्यात काहीतरी ओळखू येण्यासारखं होतं. माझ्यात काय होतं? मोकळं कपाळ. ते तर काहीतरी नसल्याची खूण. मी कोण नाही हे लोकांना कळलं होतं. मी कोण आहे हे मलाच ठाऊक नव्हतं.

मी पुढे वाचत गेले. पुनरुत्थानानंतर येशू त्याच माणसाला समुद्राच्या कडेला भेटतो. पहाट झालेली असते, येशूने निखाऱ्यावर मासे भाजून ठेवलेले असतात. आधी सगळ्यांना खाऊ घालतो आणि मग त्या माणसाला एवढंच विचारतो, की माझ्यावर तुझं प्रेम आहे का. अंगणातल्या गोष्टीचा विषयही काढत नाही. मी पुस्तक मिटलं नाही, पण पुढेही वाचता आलं नाही. गॅलरीत कपडे वाळत होते ते जाऊन काढले. दाराशी दूधवाला येऊन गेला. आपल्याला कोणीतरी पूर्ण ओळखतं, आपली सगळी टाळाटाळ धरून ओळखतं, आणि तरी जेवायला बोलावतं, असं काहीतरी मनात येत होतं. रडू वगैरे आलं नाही. हलकं वाटलं एवढं आठवतं.

काही दिवसांनी मी काकूंकडे जाऊन ती गोष्ट सांगितली. त्यांनी नीट ऐकली.

"कसले मासे?" त्यांनी विचारलं.

"ते लिहिलेलं नाही."

"निखाऱ्यावरचे म्हणजे चांगले लागले असणार. आणि हा नाही म्हणालेला, त्याबद्दल रागावला नाही तो?"

"नाही."

"हं." त्यांनी विळी पुढे ओढली. "ही गोष्ट तू कधी शिकलीस?"

"लहानपणापासून येते मला."

"मग आत्ताच कुठून तरी ऐकून आल्यासारखी काय सांगतेस?"

त्या सहज बोलल्या आणि भाजी चिरू लागल्या. मला मात्र तेव्हा उमगलं की झालं ते तेच होतं.

त्या पावसाळ्यात मी कल्याणच्या पाळकसाहेबांना भेटले आणि म्हटलं, माझं दृढीकरण राहिलंय. ते हसले नाहीत. म्हणाले, वर्गाला यावं लागेल, सवलत नाही. त्या वर्गात मी सोडून सगळी दहावीची मुलं. माझ्या शेजारी बसायला मुली लाजायच्या, मला मावशी म्हणायच्या. प्रश्नोत्तरं पाठ करायची होती. मुलांना ती झटकन यायची, मी अडखळायचे, कारण प्रत्येक उत्तर म्हणताना हे मला खरं वाटतं का असं बघत बसायचे. काही वाटायची, काही नाही. तसं मी पाळकसाहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "जेवढं खरं वाटतं तेवढं धरून उभ्या राहा. बाकीचं चालता चालता बघू."

दृढीकरणाचं मी नवऱ्याला आधी सांगितलं होतं. तो म्हणाला, "आता सगळ्यांना पत्रिका वाटणार का?" मी फक्त काकूंना सांगितलं. त्या रविवारी त्या गर्भरेशमी साडी नेसून, केसात अबोलीचा गजरा घालून आमच्याबरोबर कल्याणला आल्या. चर्चच्या दारात त्यांनी चपला काढल्या, आत कोणी काढत नाहीत हे सांगूनही. पहिल्या बाकावर जाऊन बसल्या. नवरा त्यांना सोबत म्हणून शेजारी बसला. एरवी तो पुढच्या बाकावर कधी बसत नसे.

दहावीतल्या मुलांच्या रांगेत मी शेवटी उभी होते. सगळ्यांना विचारला तोच प्रश्न मला विचारला गेला आणि मी हो म्हटलं. आवाज बऱ्यापैकी निघाला. पाळकसाहेबांनी डोक्यावर हात ठेवला. त्यांच्या झग्याला डांबरगोळ्यांचा वास येत होता. प्रभुभोजनाची भाकर जिभेवर कोरडी लागली. जागेवर परतले तेव्हा काकूंनी हळूच विचारलं, "झालं?" मी म्हटलं, "झालं."

दुपारी आईकडे जेवायला गेलो. काकूंनी मटणाचा रस्सा वाटीने प्यायला आणि आईकडून मसाल्याचं प्रमाण विचारून घेतलं.

नंतरच्या वर्षांत आम्ही ठाण्याला, माजिवड्याच्या बाजूला मोठी जागा घेतली. तिथल्या चर्चच्या मंडळीत मी गायनाला जाऊ लागले, पुढे आजारी माणसांना भेटायला जाणाऱ्या बायकांतही. माझं वाचन चालू राहिलं. कधी महिनोन्‌महिने त्यातून काही हाती लागत नाही, कधी एखादी ओळ अडवून धरते. काकू बऱ्याच थकल्या तेव्हा मी अधूनमधून डोंबिवलीला जाऊन त्यांच्याजवळ बसायचे. आम्ही बहुतेक स्वयंपाकाबद्दल बोलायचो.

नवरा या सगळ्यात माझ्यासारखा ओढला गेला नाही. त्याचं म्हणणं, श्रद्धा ही घरातली गोष्ट आहे, ती शोधावी लागते म्हणजे ती आधी हरवलेली असते आणि त्याची कधी हरवली नव्हती. मी म्हणते, तुझी तू कधी बाहेर काढून बघितलीच नाहीस, हरवली की नाही कसं कळणार? यावर आमचं आजपर्यंत एकमत झालेलं नाही. रविवारी निघतो मात्र बरोबरच. मी पुढे गाणाऱ्यांत जाऊन उभी राहते, आणि तो मागच्या बाकावर, पंख्याखालची जागा बघून बसतो.