फडक्याखालची भाकरी

त्या दिवसांत मी देवाला फसवत होते, हे आधीच कबूल करते. यजमानांना पक्षाघात झाला, उजवं अंग गेलं, बोलणंही गेलं. चिंचोळी एमआयडीसीतली सुपरवायझरची नोकरी सुटली आणि जुळे सोलापूरचा भाड्याचा फ्लॅट सोडून आम्ही विडी कामगारांच्या वस्तीत एका खोलीत आलो. घरातलं पीठ दोघांना पुरेना, तेव्हा मी उपवास सुरू केले. सोमवार महादेवाचा, गुरुवार स्वामींचा, शनिवार मारुतीचा. मग मंगळवारही धरला. एवढा मान मी देवांना सुखाच्या दिवसांत कधी दिला नव्हता. "आज उपवास आहे हो," असं म्हणत मी यांना भरवायची आणि स्वतः पाणी पिऊन उठायची. भूक झाकायला देवाचं नाव वापरलं की ते पाप होतं का, हा विचार रोज मनात यायचा, आणि मी तो रोज टाळायची.

वस्तीत माझं कुणाशी बोलणं नव्हतं. खरं सांगायचं तर मला लाज वाटायची, आणि लाजेच्या आड थोडा ताठाही होता. रोज सकाळी नऊच्या सुमारास नरसव्वा नावाची बाई डोक्यावर दुरडी घेऊन गल्लीत यायची. पन्नाशीची असेल. पानं कातरून, विड्या वळून बोटं तपकिरी झालेली. दुरडीवर धुवट फडकं. आमच्याकडे देवीची परडी घेऊन जोगवा मागायला येतात, त्यातलीच ही, असं मी धरून चालले. पहिल्याच दिवशी दार अर्धवट उघडून म्हणाले, "पुढं जा, बाई." ती गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. मी पुन्हा तेच म्हणाले. असे दोन महिने गेले. तिच्या चिकाटीचा मला राग यायचा.

मग यांनी जेवण सोडलं. माणसाची वाचा गेली तरी डोळे जात नाहीत. माझे उपवास कसले आहेत ते यांनी ओळखलं होतं. घास ओठाशी नेला की तोंड घट्ट मिटायचं आणि मान भिंतीकडे वळायची. मी रागावले, रडले, पायाही पडले. रिकामी ताटली घेऊन समोर जेवल्याचं सोंगही केलं, ते तर यांना हसू आणण्याइतकं वाईट वठलं असणार. तीन दिवस पोटात चहाच्या चार चमच्यांपलीकडे काही नाही. डॉक्टरांनी सांगितलं, उद्यापर्यंत खाल्लं नाही तर दाखल करून नाकातून नळी घालावी लागेल, आणि अंगात ताकदच उरली नाही तर पुढचं मी सांगू शकत नाही.

तो गुरुवार होता. मी स्वामींच्या तसबिरीसमोर बसले, पण नेहमीची प्रार्थना सुचेना. एवढंच म्हणाले, "माझ्याच्यानं होत नाही आता. तुम्ही बघा." मागणं मागायचंही त्राण नव्हतं.

दुपारी बाराला कडी वाजली. दारात नरसव्वा. सकाळी एकदा येऊन गेलेली, पुन्हा आली होती.

"अक्का, आज एक उरली बगा. कदी उरत न्हाय. आख्खी गल्ली दोनदा फिरले, कुणी घेईना."

"बाई, देवीला द्यायला माझ्याकडे काही नाही हो."

"द्या कोण म्हणतंय?" ती शांतपणे म्हणाली. "हितं समद्या घरात एक भाकरी जादा थापतोय आमी. ज्याला जमतंय तो टाकतो, ज्याला लागतंय तो घेतो. हात फडक्याखाली घालायचा. टाकली का घेतली, कुणी बगत न्हाय. दोन वर्सं चाललंय. ज्यांच्या घरात कुणी आजारी हाय त्यांच्याकडं तर रोज जातेच मी."

"मग इतके दिवस सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर घेतली असती का तुमी?"

तिनं दुरडी पुढं केली आणि स्वतः तोंड फिरवून रस्त्याकडं पाहत उभी राहिली. मी हात आत घातला. फडक्याखाली एक ज्वारीची भाकरी होती, कडेला जराशी कडक झालेली.

यांच्यासाठी केलेल्या आमटीतली थोडी मी ताटलीत घेतली, भाकरी कुस्करली आणि यांच्यासमोर जमिनीवर बसून जेवू लागले. हे पाहत होते. एक घास, दोन घास. मी खरंच गिळतेय ना, ते माझ्या गळ्याकडे बघून पारखत होते. अर्धी भाकरी संपल्यावर मी घास यांच्या ओठाशी नेला, आणि यांनी तोंड उघडलं. मी भरवत होते आणि रडत होते, आणि आमटी कुठं जास्त खारट झाली ते मला कळलं नाही.

आज हे काठी घेऊन नळापर्यंत चालतात. मी साड्यांना फॉल लावते, आणि आमच्याही तव्यावर एक भाकरी जादा पडते. या बायकांच्या मंडळाला पाटी नाही की अध्यक्ष नाही. दिवसभर विड्या वळून पाठी मोडलेल्या असतात, तरी पहाटे पीठ मळताना एका परक्या पोटाचा हिशेब त्यांच्या हाताला आपोआप येतो. त्यांच्यापुढं माझे सगळे उपवास आणि प्रार्थना मला थिट्या वाटतात. देणं मला येत होतं. हात पुढं करून घेणं येत नव्हतं, आणि शरण जाणं म्हणजे बहुधा तेच असावं. ती भाकरी त्या दिवशीच का उरली, हे मी कुणाला विचारलं नाही. ती कुणाच्या घरची होती, तेही कळायची सोय नाही. त्यामुळे सकाळी पाण्याला निघाले की मी गल्लीतल्या एकूण एक दाराला मनातल्या मनात नमस्कार करते.