काठी पुन्हा पाड

"बेटा, काठी पुन्हा एकदा पाड. मघाचा फोटो हलला."

माझ्या मुलीने काठी पाडली. नऊ वर्षांची होती. दोन्ही पायांना कमरेपर्यंत लोखंडी कॅलिपर, उजव्या हातात काठी. स्टेजवर एकटी उभी. पिवळट रंगाचा मोठा कुत्रा पुढे आला. त्याने काठी तोंडात धरून तिच्या हातात दिली. हॉलमध्ये टाळ्या. दुसऱ्यांदा.

मी पहिल्या रांगेच्या टोकाला. छातीवर ट्रस्टने लावलेला बिल्ला : लाभार्थीचे पालक. पण तो कुत्रा आम्हाला मिळणार नव्हता. ते आधीच ठरलं होतं.

कुत्रा कशाला हवा होता ते सांगते. कॅलिपर घातल्यावर तिला वाकता येत नाही. वाकली की पडते. काठी हातातून सुटली की कुणी येईपर्यंत तिथंच उभं राहायचं. एकदा शाळेत मधली सुट्टी संपली तरी ती बाथरूमच्या दाराशी उभी होती. फ्रॉक ओला. मी तेव्हा हिंदमात्याला, साडीच्या दुकानात फॉल लावत बसलेली. हा ट्रस्ट कुत्र्यांना शिकवतो. पडलेली वस्तू उचलायची, दार ओढायचं, मदतीला माणूस बोलवायचा. शाळेने कुत्र्याला परवानगी दिली. मी फॉर्म भरला. फक्त त्यांनी घर बघायला येणं बाकी होतं.

आमची खोली डिलाईल रोडच्या चाळीत. दहा बाय बारा. आमच्याकडे घर बघायला कुणी येणार असलं, मुलीचं स्थळ असो की पासपोर्टचा पोलीस, सगळा मजला हजर होतो. बोलवावं लागत नाही. घर चांगलं आहे हे सांगायला माणसं नकोत?

शेजारच्या मालवणी काकी त्या दिवशी सकाळीच मुलीकडे बघत म्हणाल्या, "चेडवाक कुत्रो व्हयो ना? मगे आमी सांगतलंव तेंका."

कुणी खुर्च्या आणल्या, कुणी काचेचे ग्लास. ट्रस्टच्या मॅडम आल्या तेव्हा खोलीत उभं राहायला जागा नव्हती. काकी त्यांना म्हणाल्या, "बाय, कुत्र्याक रोज मासो घालतलंव." सगळे हसले. मॅडमही हसल्या. मग त्यांनी पेन काढून माणसं मोजली. मला वाटलं, साक्षीदार मोजतायत.

पत्र आलं. एका खोलीत अकरा रहिवासी. सतत गोंगाट. कुत्र्यासाठी जागा अयोग्य.

मी मॅडमना फोन केला. म्हटलं, "आम्ही तिघंच राहतो. नवरा, मी, मुलगी. बाकीचे शेजारी होते."

"तरीपण हो. दार दिवसभर उघडं, माणसांची ये-जा. तो गुदमरेल तिथे. आम्हाला त्याचा विचार करावा लागतो ना?"

मी बरं म्हटलं. फोन ठेवला. तांदूळ निवडायचे राहिले होते, ते निवडले. त्याच खोलीत माझी मुलगी नऊ वर्षं श्वास घेतेय, हे मला तांदूळ संपल्यावर सुचलं.

आठवड्याने मॅडमचाच फोन. देणगीदारांचा कार्यक्रम आहे, मुलीला घेऊन या. कुत्रा काम कसं करतो ते लोकांना दिसेल. पुढच्या वेळी तुमचा विचार करू. मी फ्रॉकला इस्त्री केली आणि गेले. त्या पुढच्या वेळेसाठी गेले. हे मी लपवत नाही.

हॉल टॉवरमध्ये. टॉवर मिलच्या जागेवर. त्या मिलमध्ये माझे बाबा गिरणी संपापर्यंत मागावर होते. वॉचमनने आम्हाला सामानाच्या लिफ्टकडे पाठवलं.

संपाच्या दुसऱ्या वर्षी आमच्या गल्लीत धान्य वाटायला मोटारीतून माणसं आली होती. मी मुलीएवढीच. पिशवी हातात पडल्यावर त्यांच्यातला एक म्हणाला, परत दे, परत घे, फोटो काढू. मी बाबांकडे पाहिलं. ते जमिनीकडे बघत होते. मी पिशवी परत दिली. परत घेतली.

स्टेजवर फोटोवाला म्हणाला, "लास्ट हं बेटा. आता जरा हसत पाड."

मुलीने माझ्याकडे पाहिलं. रडत नव्हती. तिची बोटं काठीवरून सुटायला लागली होती आणि तोंडावर हसू आलं होतं. कुत्र्याला शिकवायला त्यांना दोन वर्षं लागली होती. माझ्या मुलीला दहा मिनिटं.

मी जमिनीकडे बघितलं नाही. पायऱ्या चढून वर गेले. तिची मूठ काठीवर दाबून धरली.

"नाही पाडणार."

मॅडम जवळ येऊन हळूच म्हणाल्या, "अहो, असं काय करता? तुमचाच चान्स जाईल."

"जाऊ दे. काठी पडली की ही तिथंच अडकते. तुम्ही तिला ती हसत पाडायला सांगताय."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बिल्ला काढून टेबलावर ठेवला. उतरताना पाहुण्यांच्या लिफ्टने उतरलो.

काकींना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "परत अर्ज कर. ह्या टायमाक आमी येवचंव नाय. तू दार लावून घे." त्या मनापासून बोलत होत्या. आपल्यामुळे कुत्रा गेला, असं त्यांना वाटत होतं.

मी दुसऱ्याच दिवशी नवा फॉर्म भरला. राहणारी माणसं : तीन. खाली जागा होती, तिथे लिहिलं : घरी काठी पडली तर उचलणारे अकरा जण आहेत. ते शाळेत येऊ शकत नाहीत, म्हणून कुत्रा हवा. फोटोला मुलगी मिळणार नाही. नाही म्हणालात तर पुन्हा अर्ज करीन. तपासायला कधीही या. दार उघडंच असेल आणि अकराही जण खोलीत उभे असतील.

मोजा.