वरच्या सुरामागच्या बांगड्या

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही — आणि त्याला तर मी भाजीवाल्याशी झालेली भांडणंसुद्धा साग्रसंगीत सांगते. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणूनच बहुधा.

कॅसेटच्या काळात वसुधा आणि मी जोडीनं गायचो. पॉप म्हणा, काहीही म्हणा; गणपतीत शनिवार पेठेतल्या मांडवांत आमची गाणी कान किटेपर्यंत वाजायची. पुढचा आवाज माझा, साथीचा वसुधाचा. कव्हरवर मी मध्ये, ती जरा मागे. आमच्या सगळ्यांत गाजलेल्या गाण्यात शेवटी एक सूर वर जातो आणि तिथेच थांबून राहतो. त्या सुरानं मला नाव दिलं. अजूनही लग्नकार्यात लोक गाठून म्हणतात, "ताई, तो वरचा सूर!" मी मान खाली घालून हसते. त्यांना तो विनय वाटतो.

तो सूर माझा नाही.

रेकॉर्डिंगच्या दिवशी माझा घसा बसला होता — नाही, हेही खोटंच. घसा ठणठणीत होता. सूर लागत नव्हता. वसुधा म्हणाली, "मी लावते गं. आपले आवाज सारखेच आहेत, कुणाला कळतंय!" तिचं नुकतंच लग्न झालं होतं. हिरवा चुडा उतरवायचा नव्हता, म्हणून हातांना रुमाल गुंडाळून ती माईकपुढे उभी राहिली आणि एका दमात गायली. पुढे कार्यक्रमांत त्या जागी मी माईक लोकांकडे वळवायचे. त्या अदेचंही केवढं कौतुक झालं!

वसुधानं नंतर गाणं सोडलं, कर्वेनगरच्या एका शाळेत शिकवू लागली. तिच्या मुलीनं, मुक्तानं, एकदा मला विचारलं, "मावशी, आई म्हणते तो सूर तिचा आहे. खरं का?" वसुधा समोरच पोहे वाढत होती. मी काय म्हणाले असेन? "असू दे की, तिलाही काहीतरी हवं ना!" मुक्ता हसली. वसुधानं माझ्या पोह्यांवर खोबरं घातलं.

यंदा कंपनीनं आमची निवडक गाणी मूळ टेपवरून उत्तम दर्जाच्या डिजिटल ध्वनीत आणायची ठरवली. ध्वनीचं काम करणाऱ्या निनादनं मला स्टुडिओत बोलावून हेडफोन दिला. काय सांगू — आमचे श्वाससुद्धा ऐकू येत होते. मग तो सूर आला, आणि त्याच्यामागे अगदी बारीक किणकिण. रुमाल थोडा सैल झाला असावा.

"बांगड्या वाटतात, ताई," निनाद म्हणाला. "ठेवूया? गोड वाटतंय."

मी बांगड्या कधीच घातल्या नाहीत. कव्हरवरही माझी मनगटं मोकळी आहेत. त्या क्षणी मला भीती वाटली, आणि तिच्यामागोमाग राग आला — वसुधाचा! तिनं काय वाकडं केलं होतं माझं?

"कचरा आहे तो," मी म्हणाले. "काढून टाक."

त्यानं काढला.

अल्बम आला त्या दिवशी मुक्ताचा फोन आला. "मावशी, आई किती दिवस म्हणत होती, नव्या अल्बममध्ये माझ्या बांगड्या ऐकू येतील बघ. मी तिच्यासाठी मुद्दाम चांगले हेडफोन आणले. आम्ही दोघींनी पुन्हा पुन्हा ऐकलं. काहीच नाहीये गं."

"भास असेल तिचा," मी म्हणाले. "वय झालं आता आमचं."

मागून वसुधाचा आवाज आला. "जाऊ दे, मुक्ता. मला आपलं वाटलं होतं."

बांगड्या काढण्याआधीची फाइल निनादनं मला पाठवली होती. ती माझ्याकडे आहे. अधूनमधून मी ती लावून ऐकते. वसुधाला अजून पाठवलेली नाही.