येवल्याची गाडी विचारणारी बाई

आधी दोन बोटांनी टक-टक, मग एक फुंकर, मग बोलणं. समोर काहीही असो, मोबाईल असो, दाराची बेल असो, नाहीतर डॉक्टरांचा स्टेथोस्कोप. जन्मल्याबरोबर सुइणीच्या हातावर टक-टक करून, फुंकर मारून मगच कंट्रोलरकाका रडले असणार, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

त्यांची सगळी नोकरी एसटीच्या स्टँडवर, माईकसमोर गेली. वाहतूक नियंत्रक. आम्ही त्यांना कंट्रोलरकाका म्हणायचो. नाशकात तुम्ही कधी एसटीची वाट पाहिली असेल तर त्यांचा आवाज तुमच्या कानात अजून कुठेतरी बसलेला असणार. चेहरा पाहिला नसेल. आवाज असा की, जुन्या सीबीएस स्टँडवर त्यांनी नुसता घसा साफ केला तरी रामकुंडात बुडी मारलेला माणूस डोकं वर काढून विचारायचा, कुठली लागली? हे मी पाहिलेलं नाही. पण ज्याने पाहिलं तो खोटं बोलत नाही, निदान माझ्याइतकं तरी नाही.

सिडकोत माझं मोबाईलचं दुकान आहे. निवृत्त झाल्यावर ते पहिल्यांदा आले, तेव्हा दुकानात गर्दी होती. लोक कॅमेरा विचारतात, बॅटरी विचारतात, काही महाभाग मोबाईल पाठीमागून कसा दिसतो तेवढंच बघतात. हे म्हणाले, "बोलतो कसा, ते दाखवा."

मी एक फोन पुढे केला. टक-टक, फू. "प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावे. नाशिकहून येवल्याकडे जाणारी गाडी थोड्याच वेळात फलाटावर लागत आहे." मी ते रेकॉर्ड करून परत ऐकवलं. काउंटरपाशी कव्हर बघत असलेल्या एका आजींनी पिशवी उचलली आणि त्या रस्त्यावर धावल्या. पुन्हा काही आल्या नाहीत. माझ्या मते त्या येवल्याला पोचल्या असाव्यात.

त्यांनी फोनमागून फोन नापास केले. हा नाकात बोलतो. हा घाबरलेला आहे. हा चांगला आहे, पण साहेबांपुढे बोलल्यासारखा बोलतो. शेवटी कोपऱ्यात धूळ खात पडलेला, विटेएवढा जाड फोन त्यांनी ऐकला आणि मान हलवली. "याचा घसा मोकळा आहे. हा द्या."

फोनवर ते प्रत्येक वाक्य दोनदा बोलायचे. "चार्जर चालत नाहीये. चार्जर चालत नाहीये. संध्याकाळी येतो. संध्याकाळी येतो." मी एकदा म्हटलं, काका, मला पहिल्या वेळीच ऐकू येतं. तर म्हणाले, "दोनदा सांगायचं असतं हो. एकदा जाग्यासाठी, एकदा झोपलेल्यासाठी."

मुलगी बंगळुरूला. पोर गुणी, पण कामात बुडालेली. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगी येऊ शकायची नाही तेव्हा पार्सल यायचं, आणि पार्सल आलं की मला बोलावणं यायचं. फरशी पुसणारं गोल यंत्र आलं. मी ते चालू करून दिलं आणि पुढच्या आठवड्यात सहज डोकावलो, तर काका स्वयंपाकघराच्या दारात उभे, हाताने भिंतीवर थापा मारत त्या यंत्राला मागे घेत होते. "येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या... बास." यंत्र खरोखर थांबलं. बॅटरी संपली होती, पण मी ते बोललो नाही. दाराला कॅमेऱ्याची बेल आली, तेव्हा खाली दूधवाला दिसला रे दिसला की त्यांची घोषणा पूर्ण इमारतीत घुमायची. दूधवाल्याची म्हैसही वेळेवर दूध द्यायला लागली, असं ऐकतो.

मग तो बोलणारा स्पीकर आला. हाक मारा, काहीही विचारा, आतली बाई उत्तर देते. मी हवामान विचारून दाखवलं, कांद्याचा भाव विचारून दाखवला. काका खुर्चीत बसून ऐकत होते. एरवी नव्या वस्तूला टक-टक केल्याशिवाय न राहणारा माणूस, हात मांडीवर ठेवून बसलेला.

"हिला सगळं येतं?"

"सगळं."

"मग घेऊन जा परत. मला काही विचारायचं नाहीये."

मी हसलो. ते हसले नाहीत. मग त्यांनी एक गोष्ट सांगितली.

ते स्टँडवर जाऊन आले होते. तसे ते रोजच जायचे, बाकावर बसायला, पण त्या दिवशी एक मुलगी बॅग घेऊन गोंधळल्यासारखी उभी दिसली. हे उठले. कुठे जायचंय, असं विचारलं. मुलीने कानातला इअरफोन काढला, गोड हसली आणि मोबाईलचा पडदा यांच्यापुढे धरला. गाडी, वेळ, फलाट, सगळं त्यात होतं. थँक्यू काका म्हणाली आणि इअरफोन परत घातला. तिच्या पलीकडे एक म्हातारा होता, त्याला यांनी आपणहून येवल्याची गाडी सांगितली. खिडकीतला नवा कंट्रोलर बाहेर आला आणि अगदी अदबीने यांच्या कानाशी म्हणाला, काका, ती वेळ आता नाही. ती गाडी बंद झाली.

"मी त्या म्हाताऱ्याला बंद गाडीची वाट पाहायला लावत होतो," काका म्हणाले. "बंद गाडीची."

त्यानंतर ते स्टँडवर गेले नाहीत.

आता मी काय केलं ते सांगतो, तुम्ही याला चावटपणा म्हणा. स्पीकर परत नेला नाही. त्यांच्याच फोनवरून त्यात एक सोय करून ठेवली. रोज सकाळी, ज्या वेळी ते पूर्वी ड्युटीवर चढायचे त्या वेळी, आतल्या बाईने आपणहून बोलायचं. वाक्य मी लिहून दिलं. बाई मूळची हिंदीतली, त्यामुळे तिचं मराठी जरा ठेचकाळायचं, पण शब्द कळायचे. "कंट्रोलरसाहेब, येवल्याची गाडी कधी लागेल?"

दुसऱ्या दिवशी दुकानाचं शटर वर होतंय न होतंय तोच फोन. "बाईने विचारलं. बाईने विचारलं."

"मग? सांगितलंत?"

"तर. फलाटासकट सांगितलं." मग म्हणाले, "बोलण्यावरून मालेगावकडची वाटते. पण विचारते व्यवस्थित. साहेब म्हणते."

तुम्हाला वाटेल, त्यांना कळत नव्हतं. सगळं कळत होतं. माझ्या तोंडाकडे बघून त्यांनी पहिल्याच दिवशी ओळखलं असणार, आणि ओळखूनही माझी अब्रू राखली. पण सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून ते त्या डबीसमोर बसायला लागले. शेजारच्या वहिनी सांगायच्या, काका टक-टक करतात, फुंकर मारतात आणि मग अशी घोषणा होते की आमच्या कुकरच्या शिट्टीला लाज वाटते. वहिनींची मुलं त्या घोषणेवर शाळेला निघायला लागली. वरच्या मजल्यावरचे एक गृहस्थ वर्षानुवर्षं उशिरा उठायचे, तेही उठले.

काका दुकानात येऊन तिच्याबद्दल बोलायचे. ही रोज विचारते, जात मात्र नाही. येवल्याला कोण असेल हिचं? बहीण असेल. का पैठणी घ्यायची राहून गेली असेल? मी माझ्या परीने भर घालायचो. म्हणायचो, काका, माझ्या माहितीप्रमाणे तिचं माहेर येवल्याचं, हातमागावर बसलेला भाऊ आहे, भांडण झालंय. ते शांतपणे ऐकायचे आणि म्हणायचे, "भाऊ असला तर जाईल. आज ना उद्या जाईल."

मग एका सकाळी आले ते काउंटरला धरून उभे राहिले. चहा नको म्हणाले.

"आज तिला खरं सांगितलं."

"काय?"

"गाडी बंद झाली म्हणून. इतके दिवस सांगत होतो की लागतेय, लागतेय. बरं वाटायचं सांगायला. पण प्रवाशाला ताटकळत ठेवणं वाईट. बाईमाणूस, कुठवर उभी राहणार?"

मी म्हटलं, मी वाक्य बदलून देतो. त्र्यंबकचं विचारेल, पिंपळगावचं विचारेल, म्हणाल ते विचारेल. त्यांनी मान हलवली. "राहू द्या. विचारू द्या तिला. मी रोज खरं सांगेन."

आणि तसं त्यांनी केलं. वहिनी सांगायच्या, घोषणा तशीच, दोनदा, तेवढ्याच आवाजात, फक्त आता गाडी बंद झाल्याची.

पुढे थंडीत ते गेले. झोपेतच. मुलगी आली, रडली, सगळं केलं, आणि घराला कुलूप लावून, किल्ली वहिनींकडे ठेवून परत गेली. काही दिवसांनी वहिनींचा फोन आला. आवाज खाली आणून म्हणाल्या, "भाऊ, काकांच्या घरात रोज सकाळी बाई बोलते. मुलं घाबरतात."

स्पीकरची वायर कुणी काढलीच नव्हती.

सकाळी गेलो. वहिनींनी कुलूप उघडलं आणि त्या दारातच थांबल्या. आत काकांची खुर्ची स्पीकरकडे तोंड करून. फरशी पुसणारं यंत्र भिंतीला टेकून उभं, त्यावर धूळ. मी वायर काढायला वाकलो आणि तेवढ्यात डबीवर निळा दिवा लागला.

"कंट्रोलरसाहेब, येवल्याची गाडी कधी लागेल?"

मी आयुष्यभर बडबडत आलो आहे. बंद पडलेला फोन चालू आहे असं गिऱ्हाइकाला पटवून देऊ शकतो. पण तिथे माझी बडबड नाही, काकांची रीत आठवली. मग दोन बोटांनी टक-टक केलं. फुंकर मारली.

"येवल्याकडे जाणारी गाडी बंद झालेली आहे. प्रवाशांनी वाट पाहू नये."

आवाज अगदीच बारीक निघाला. स्टँडवर त्याने एक कबूतरसुद्धा उडालं नसतं. मी वायर ओढायला लागलो.

"भाऊ," वहिनी दारातून म्हणाल्या, "दोनदा सांगायचं असतं."

मी वायर सोडली. खुर्चीकडे वळलो आणि दुसऱ्यांदा सांगितलं.