कप्तानाची बंदूक

सातपूरच्या एका कारखान्यात फिटर असलेला भारत निरभवणे सुट्टीच्या दिवशी बंदुका करतो. खऱ्या नव्हे. लहानपणी रविवारी सकाळी टीव्हीवर एक परदेशी अंतराळमालिका लागायची, तिच्यातल्या. द्राक्षावर औषध मारायच्या मोडक्या गनची मूठ, बॅटरीची काच, कुकरची शिट्टी, असलं काय काय जुळवून कप्तानाची किरणबंदूक उभी राहते. बायको प्रतिभा विचारते, "अहो, माझी शिट्टी कुठं गेली? अंतराळात?"

जुन्या मालिकांतल्या नकली हत्यारांचं प्रदर्शन भरवायचं शहरातल्या काही हौशी पोरांनी ठरवलं, तेव्हा प्रतिभाकडून बंदुकांचं ऐकून त्यांच्यातली वेदिका भारतच्या घरी आली. तिनं बंदूक उलटीसुलटी करून बघितली.

"काका, काम एक नंबर. फक्त रंग चुकलाय. ही लाल होती."

"पोरी, मी डोळ्यांनी बघितलीय. हिरवीच होती."

तिनं मोबाइलवर फोटो दाखवला. मालिकेत वापरलेली मूळ बंदूक कुणीतरी जपून ठेवली होती. लालभडक.

"हुबेहूब असेल तरच ठेवतो आम्ही. रंग बदला, मी रविवारी न्यायला येते."

भारतचं काम आजवर घराबाहेर कुणी बघितलं नव्हतं. पहिल्यांदाच कुणी मागायला आलं, आणि ते असं. तो सरळ निफाडला थोरल्या भावाकडं, जयरामदादाकडं गेला. गावातल्या शाळामास्तरांच्या ओसरीवर दोघांनी शेजारी बसूनच ती मालिका बघितली होती.

दादा द्राक्षबागेत छाटणी करत होता.

"दादा, कप्तानाची बंदूक कुठल्या रंगाची होती रे?"

"हिरवी," दादा कात्री न थांबवता म्हणाला. "नेम धरला की तांबूस व्हायची. पार वर धरली की निळी."

"बंदूक रंग बदलायची?"

आता मात्र दादाची कात्री थांबली. "भारत्या, लय येडा हायेस. मास्तरांचा टीव्ही काळा-पांढरा. त्याला रंगीत प्लॅस्टिकचा कागद नव्हता का लावलेला? वर निळा, मधी तांबूस, खाली हिरवा. बंदूक कमरेला, म्हून हिरवी. कप्तानाचे पाय बी हिरवेच होते की."

भारत वाफ्यातच खाली बसला. मग दोघंही बराच वेळ हसत राहिले.

"राहू दे हिरवीच," दादा म्हणाला. "आपण बघितली तशी. त्या पोरीला काय ठावं?"

"नाय दादा. ती पहिली बंदूक कुणीतरी हातानं केली आसंल. माझ्यासारखाच कुणी. कापली, घासली आन् लाल रंगवली. मी त्याचं काम उतरवतोय. त्याचा रंग मी कसा बदलू?"

"तो काय बघायला यायचाय?"

"आला तर?"

दादानं मान हलवली आणि पुढची काडी छाटायला घेतली.

शनिवारी भारतनं हिरवा रंग पॉलिश पेपरनं घासून काढला. खाचांतला सुईनं काढला. प्रायमर वाळल्यावर लाल रंगाचा पहिला हात दिला आणि बंदूक गॅलरीतल्या तारेवर टांगली. धुतलेल्या कपड्यांची बादली घेऊन आलेली प्रतिभा दारातच थबकली.

"बरी दिसते की."

"अजून एक हात द्यायचाय," भारत म्हणाला, आणि तारेवरच्या साड्या त्यानं पलीकडं सरकवल्या.