कोपऱ्यातला धूम

गुणाजीच्या डाव्या हाताला आयुष्यभर कणकेचा वास. लालबागच्या चाळीतल्या भजनी मंडळाचा तो पखवाजवाला. भजनाच्या बारीला बसण्याआधी बायकोच्या, तुळसाच्या परातीतली मूठभर ओली कणीक पखवाजाच्या डाव्या तोंडाला थापायची, की त्याचा खर्जातला धूम पोटातून निघे. गिरणीत राबला, मग वॉचमनकी केली. पण ओळखला गेला तो त्या थापेवरून. पुढे अर्धांगाचा झटका आला आणि नेमका डावा हातच लुळा पडला.

मुलाने, मयूरने, एका जुन्या बारीचं रेकॉर्डिंग मिळवलं, दोन छोटे स्पीकर आणले. टाळ खणखणीत, बुवांचा गळा स्पष्ट. धूम मात्र पुठ्ठ्यावर टिचकी मारल्यासारखा.

"फोनमध्ये इक्वलायझर आहे बाबा. डावीकडच्या पट्ट्या खर्जाच्या आवाजाच्या. एकदम चढवू नका, स्पीकर फाटेल. त्यापेक्षा बाकीच्या जरा उतरवा."

"कणीक जास्त झाली की आवाज बसता, ता आता तू माका शिकव," गुणाजी हसला.

उजव्या बोटाने तो पट्टी चढवी, ऐके, उतरवी. शेवटी स्पीकर देव्हाऱ्याखालच्या कोपऱ्यात, दोन भिंतींच्या बेचक्यात ठेवले आणि धूम आला. भरदार. फळीवरच्या समईची ज्योत थापेसरशी थरथरली.

"बघ, देवान् कौल दिल्यान्."

तुळसाने हात जोडले. देवापुढे गाऱ्हाणं घालणारी कोकणातली माणसं ती. देवाने होकार दिला की कारण विचारायचं नसतं.

मग रोज दिवेलागणीला बारी वाजू लागली, आणि रोज सकाळी देव पुसताना फडक्याला लाल लागू लागलं. कुंकू सांडलं असेल, तुळसा म्हणे. एकदा तिने चिमूट बोटांत चोळली. कुंकू असं खरखरत नाही. तिने वर पाहिलं. तुळई भिंतीत शिरते तिथली वीट पिठासारखी गळत होती. खालच्या मजल्यावर त्याच भिंतीतल्या तुळईला टेकू दिलेला. जाता-येता त्यावर छत्र्या अडकवायची साऱ्यांना सवय झाली होती.

"तुमच्या धूमापायी घर पडेल," ती संध्याकाळी म्हणाली.

गुणाजीने सगळ्या पट्ट्या खाली ओढल्या. ज्योत थरथरतच होती. तुळसाने प्लग उपटला. बुवा अभंगातच थांबले. पंखा बंद, खिडकी लावलेली. ज्योत थरथरतच राहिली.

पखवाजाचं चामडं चाचपावं तसा गुणाजीने उजवा तळवा भिंतीवर टेकला, डोळे मिटले. आत खोल काहीतरी वाजत होतं. थांबे, पुन्हा वाजे. तुळसाच्या कानांना नाही, तळपायांना ते कळलं.

"तुळसा, ही माझी थाप न्हय," तो हळू म्हणाला. "देव ओटीत घे. जाताना सगळ्यांची दारां ठोक."

दिवा फुंकून विझवू नये, असं आईने तिला लहानपणीच बजावलं होतं. देव ओटीत घेऊन ती समईपुढे वाकली आणि फुंकर मारली.