साळिंदर चितपट झालं की नाही?

माझ्या नातीचं लग्न एका जपानी राक्षसाच्या सिनेमापायी मोडायला आलं होतं. त्यात राक्षसाची काही चूक नव्हती. माझी होती.

आमची मयूरी शिकलेली, शिरवळला कंपनीत कामाला. तिला सोन्याचा नाद नाही, साड्यांचा नाही. तिला नाद जपानी राक्षसांच्या सिनेमांचा! डोंगराएवढं जनावर समुद्रातून वर येतं, इमारती तुडवतं आणि परत जातं, एवढीच गोष्ट. असे सिनेमे आवडणाऱ्यांचा मोबाईलवर एक गट आहे. त्यात दिवसभर वाद चालतो, की एका जुन्या सिनेमाचा दुसरा भाग चांगला की वाईट. सिनेमा माझ्या जन्माच्या सुमाराचा! ग्रामसभेला बोलावलं तर चार डोकी जमत नाहीत, पण ह्या वादाला नागपूरपासून कोल्हापूरपर्यंत माणसं हजर. एक म्हणतो, पहिल्या भागात दुःख होतं, दुसरा नुसता घाईत उरकलाय. दुसरा म्हणतो, दुसरा भाग नसता तर दोन राक्षसांची झुंज कोण दाखवणार होतं, तुझा मामा? तिसरा म्हणतो, राक्षस फार भराभरा हलतात, एसटी चुकल्यासारखे.

ह्याच वादात मयूरीची आणि भाटघरच्या सूरजची गाठ पडली. दोघंही दुसऱ्या भागाच्या बाजूचे. बाकी सगळे त्यांना शिव्या देत होते, म्हणून ती दोघं जवळ आली. (लोकांच्या पत्रिका जुळतात, आमच्याकडे शिव्या जुळल्या.) मुलगा चांगला, घर चांगलं, जात-पात जमली. माझा मुलगा दत्तू खूश, सून खूश. सूरजच्या घरच्यांचं भोरला आमच्याकडे मुलगी बघायला यायचं ठरलं. पसंती झाली की त्याच बैठकीत सुपारी फोडायची, म्हणजे लग्न पक्कं.

आदल्या दिवशी मयूरी माझ्यापाशी येऊन बसली. "आजी, उद्या सिनेमाचा विषय निघाला ना, तर तू फक्त 'छान आहे' म्हणायचं."

"न बघताच?"

"हो, न बघताच."

"मी चौथी शिकलेय, पण न बघता छान म्हणायला अजून शिकले नाही."

तिथंच दत्तूनं मला दोन दिवस पासलीला माझ्या भावाकडे पाठवायला हवं होतं. पण त्याला सुचलं नाही.

पाहुणे आले. सूरज, त्याचे वडील आणि त्याची आजी हौसाबाई. हौसाबाई माझ्याच वयाची, हाडापेरानं दणकट, आल्या आल्या आमच्या घराच्या तुळया मोजायला लागली. पोहे झाले, चहा झाला. सूरजचे वडील म्हणाले, "मुलीला काय विचारायचं असंल तर विचार रे."

सूरजनं घसा साफ केला आणि विचारलं, "झुंजीत राक्षस इतके भराभरा का हलतात, तुला काय वाटतं?"

मयूरी म्हणाली, "मला तेच आवडतं. खरी जनावरं भांडताना कुठं थांबून थांबून भांडतात?"

सूरजचा चेहरा असा उजळला, की त्याला शंभर पोळ्या लाटता येणारी मुलगी मिळाली असती तरी तेवढा उजळला नसता! मग दोघं सुटली ती सुटलीच. आम्ही सगळे एकदा हिच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघतोय.

शेवटी हौसाबाई म्हणाली, "हे काय चाललंय ते आमालाबी दावा की. उद्या माझ्या सयपाकघरात हेच बोलणार हायती."

झालं. मयूरीनं टीव्हीवर ती झुंज लावली.

आता झुंज सांगते. काळापांढरा सिनेमा. एक राक्षस दोन पायांवर उभा, घोरपडीसारखा. दुसरा चार पायांवर, पाठीवर हे लांब काटे, अगदी साळिंदर. दोघं शहरात घुसतात आणि एकमेकांना रेटत रेटत तिथल्या राजवाड्यावर आदळतात. राजवाडा खलास! (आमच्या भोरच्या राजवाड्यात सारखं शूटिंग चालतं, पण अजून कुणी भिंतीला पाठ घासलेली मी बघितली नाही.) मग घोरपड साळिंदराचं नरडं धरते, ते धडपडून पडतं आणि घोरपड तोंडातून जाळ काढून त्याला जाळून टाकते.

"जिकली घोरपड!" हौसाबाईनं मांडीवर थाप मारली.

इथं मी 'छान आहे' म्हणायचं होतं. मयूरी माझ्याकडे बघून डोळ्यांनी हात जोडत होती. पण माझा नवरा वेल्ह्याकडच्या जत्रांत कुस्त्यांचा पंच होता. तीस वर्षं मी आखाड्याच्या कडेला बसलेय. मला राहवलं नाही.

"जिकली कशी? साळिंदर पालथं पडलं. पालथा पैलवान हरला असं कुठं असतंय?"

हौसाबाई हळूच माझ्याकडे वळली. "माझा सासरा वस्ताद व्हता."

"मग त्यानी शिकवलं असंल की. पाठ लागल्याशिवाय कुस्ती निकाली न्हाई."

"अवो, त्याला जाळला की तिनं!"

"जाळायचा डाव कुठल्या तालमीत शिकवत्यात? सांगा! ढाक ऐकलाय, कलाजंग ऐकलाय, धोबीपछाड ऐकलाय. हरलेल्याला जाळायचं कुठं ऐकलं न्हाई. घोरपडीला आखाड्यातनं भाईर काढायला पायजे व्हतं!"

"आये," दत्तू म्हणाला.

"तू गप. ह्या म्हणत्यात सासरा वस्ताद व्हता."

आवाज ऐकून शेजारची नसीमभाभी कोथिंबिरीची जुडी घेऊन दारात आली आणि निवडत उंबऱ्यावर बसली. "कोण जिकलं म्हणं?" तिनं विचारलं. तिला आम्ही दोघींनी एकदमच उत्तर दिलं, दोन वेगळी.

सूरजनं समजावायचा प्रयत्न केला, "आजी, आतमध्ये माणसं आहेत, रबरी कातडं घालून. खरी कुस्ती नाही."

"माणसं हायती तर मग नियम पाळाया काय झालं?" मी विचारलं. त्यावर तो बिचारा खाली बसला.

शेवटी हौसाबाई पदर खोचून उठली. "ज्या घरात हार-जीत कळत न्हाई, त्या घरची पोरगी..." एवढं बोलून थांबली. सूरजच्या वडिलांनी हात जोडले आणि म्हणाले, "कळवतो." 'कळवतो' म्हणजे काय हे आमच्या आळीतल्या कुत्र्यालाही कळतं. ताटातली सुपारी ताटातच राहिली.

दुसऱ्या दिवशी मयूरी कामावर गेली नाही, जेवली नाही, माझ्याशी बोलली नाही. दत्तू मात्र बोलला. "लोकांची लगनं हुंड्यापायी मोडत्यात, मानपानापायी मोडत्यात. आमच्या पोरीचं साळिंदरापायी मोडलं!"

म्हटलं, ठीक आहे, माफी मागते. पण माफी मागतात कशी हे मला माहीत नव्हतं. सुनेला विचारलं. ती म्हणाली, "मला काय ठावं? ह्या घरात माझी कुणी मागितली न्हाई कधी." (हे तिनं भाकरी थापता थापता, मान वर न करता सांगितलं. त्याचं नंतर बघू म्हटलं.)

माफी मागायची तर चूक झाली होती का, हे आधी बघायला हवं. मयूरीला म्हटलं, ती झुंज परत दाव. ह्या वेळी मी चष्मा लावला. आणि काय सांगू! साळिंदर पालथं नव्हतंच. आधी कुशीवर वळलं आणि मग सरळ उताणं! मी मयूरीला तीनदा चित्र थांबवायला लावलं. नवरा असता तर त्यानं तिथंच घोरपडीचा हात वर केला असता.

खण, नारळ आणि पासलीचा पाच किलो इंद्रायणी तांदूळ घेऊन मी मयूरीबरोबर वडापच्या जीपनं भाटघरला गेले. हौसाबाई ओट्यावरच बसली होती. सूरज आणि त्याचे वडील बाहेर आले. मी पिशवी खाली ठेवली आणि जन्मात पहिल्यांदा म्हटलं, "चुकलं माझं. साळिंदर चितपट झालं. घोरपड जिकली."

मयूरीनं सुटकेचा निःश्वास टाकला. सूरज हसला. हौसाबाईनं तांदळाची पिशवी उघडून वास घेतला, मान डोलावली आणि म्हणाली, "बसा. पर चितपट काय झालं न्हाई त्ये."

"आँ?"

"म्या सूरजला बसवून चारदा बघितलं. तुमचं बराबर व्हतं. त्याच्या पाठीवर काटं हायती न्हवं? काटं टेकलं, पाठ कुठं टेकली? खालनं मांजर जाईल येवढी फट हाय!"

आता बाई माझी बाजू घेत होती. शहाण्या बाईनं काय करावं? गप बसावं, चहा प्यावा, सुपारी फोडावी. मयूरीनं माझ्या दंडाला चिमटासुद्धा काढला.

"काटं काय उसनं आणल्यात का?" मी म्हटलं. "ज्याचं काटं, त्याचीच पाठ! काटं टेकलं म्हंजे पाठ टेकली!"

"मग उद्या पैलवान पाठीला पाट बांधून येतील!"

"येऊंद्या! पाट टेकला की पाठ टेकली!"

"माझा सासरा..."

"वस्ताद व्हता, ठावं हाय! त्याला काटं व्हतं का?"

सूरजच्या वडिलांनी डोकं धरलं. चहावर साय आली. मयूरी रडायलाच लागली आणि सूरज तिला रुमालाऐवजी चुकून मी आणलेला खण डोळे पुसायला द्यायला लागला. आम्ही उठलो. सूरजच्या वडिलांनी पुन्हा हात जोडले आणि पुन्हा म्हणाले, "कळवतो." परतीच्या जीपमध्ये मयूरी ड्रायव्हरशेजारी जाऊन बसली. माझ्याशेजारी एक बोकड होता. तोही तोंड फिरवून उभा.

घरी कुणी मला काही विचारलं नाही. मयूरीचं तोंडच पुरेसं होतं. मी म्हटलं, झालं, नातीच्या जन्माचं वाटोळं केलं मी, दोनदा, दोन्ही बाजूंनी.

दिवे लावायच्या वेळेला दत्तूचा मोबाईल वाजला. सूरजचे वडील. दत्तू आधी "व्हय" म्हणाला, मग "काय सांगता" म्हणाला, आणि मग माझ्याकडे असा बघायला लागला, जणू मला शिंगं फुटली असावीत.

"काय म्हणत्यात?" सुनेनं विचारलं.

"त्येंचं वडील गेल्यापासनं त्येंची आई कुणाशी धड बोलत नव्हती. घरात समदी तिला 'व्हय आई, व्हय आई' करत्यात, त्यानं ती कावली व्हती. आज दोन भाकरी जास्त खाल्ल्या म्हणं. सुपारी रविवारी फोडू म्हणाली. पर एक अट हाय. तिसरा भाग बघाया तुमच्या म्हातारीला घिऊन यायचं."

मयूरीनं किंकाळी फोडली आणि माझ्या गळ्यात पडली. सून पदराआड हसत होती. दत्तू म्हणाला, "त्येनी काय सांगितलं ठावं हाय का, आये? पोरगी पसंत हायच, पर तिच्या आजीला नकार द्याया जमंना."

मला आपलं नवल वाटलं. माझ्या वेळी तीन स्थळं पोहे खाऊन, "पोरगी लई तोंडाळ" म्हणत उठून गेली होती. चौथ्यानं पसंत केली. पण कुस्तीत त्याचे दोन्ही कान मोडले होते आणि त्याला फारसं ऐकू येत नव्हतं.